हरणाच्या शिकारीची गोळी : शिरूर व दौंडच्या माळावरील जुन्या हत्यारांच्या अनुषंगानें

१. प्रस्ताव

देशावरील जुन्या वाड्यांत दप्तराचे रुमाल जेथें सांपडतात तेथेंच, कधीं कधीं त्याच माळ्यावर, आणखी कांहीं वस्तु पडलेल्या असतात : एखादें गंजलेलें पिस्तूल, गोळ्या ओतण्याचा सांडशीसारखा साचा, दारूचें शिंग, शिशाच्या पांढुरक्या गोळ्यांची पुरचुंडी आणि भिंतीवर काळविटाचीं पिळदार शिंगें. कागद शोधणारा रुमाल उचलतो व बाकीचें तसेंच ठेवतो. शस्त्रें जमविणारा पिस्तूल उचलतो व गोळ्या टाकून देतो. वास्तविक ह्या सर्व वस्तूंना जोडणारा दुवा ती शिशाची गोळीच होय. ती कोणत्या हत्याराची, कोणत्या कामाची, आणि भिंतीवरील शिंगांशीं तिचा संबंध लावतां येतो कीं नाहीं, हें पारखण्याचें एक साधें शास्त्र आहे. शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांचा प्रदेश डोळ्यांपुढें ठेवून, जवळच्या पल्ल्यावरून हरीण मारण्यास कोणती गोळी योग्य ठरत असे व कां, हें येथें सांगावयाचें आहे. आज हरणाची शिकार हा कायद्यानें गुन्हा आहे. तेव्हां हें विवेचन जुन्या वस्तु व जुने कागद वाचण्यासाठीं आहे, हें प्रथमच स्पष्ट केलेलें बरें.

२. प्रदेश आणि प्राणी

शिरूर म्हणजेच लोकांच्या तोंडचें घोडनदी. घोड नदी पुढें भीमेस मिळते, आणि शिरूर व दौंड ह्या तालुक्यांमधून भीमा वाहते. आजचा दौंड तालुका पूर्वी भीमथडींत मोडत असे. भीमथडीचीं तट्टें मराठी घोडदळांत नांवाजलेलीं होतीं. हा सर्व मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. वर्षाचा पाऊस सुमारें २० इंच, म्हणजे ५०० मिलिमीटर. मुरमाड माळ, कुसळीचें गवत, मधून मधून बाभळी व बोरी, आणि नदीकांठीं काळी जमीन असें त्याचें जुनें रूप होतें. असा उघडा माळ हेंच काळविटाचें व चिंकाऱ्याचें घर.

मराठींत आपण दोघांनाही हरीण म्हणतों. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें मात्र तीं सांबर-चितळांच्या कुळांतलीं नव्हेत. सांबराचीं व चितळाचीं शिंगें फांटेदार व भरीव असून दर वर्षीं गळून पडतात. काळविटाचीं व चिंकाऱ्याचीं शिंगें पोकळ असून आंतील हाडावर जन्मभर राहतात. यास्तव भिंतीवरील सांबरशिंग हें रानांत गळून पडलेलें उचललेलें असूं शकतें. काळविटाच्या जोडशिंगांविषयीं मात्र तो प्राणी मेलाच होता एवढें निश्चित. पूर्ण वाढलेल्या काळविटाचें वजन सामान्यतः ३० ते ४५ किलो, चिंकाऱ्याचें त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे हा प्राणी अंगानें लहान, हाडानें नाजूक व कातडीनें पातळ. त्यास मारण्यास प्रचंड गोळी लागत नाहीं. अडचण निराळीच आहे. त्याची नजर दूरवर पोंचते, तो कळपानें राहतो, आणि धांवूं लागला म्हणजे ताशीं ८० किलोमीटरपर्यंत वेग गांठतो. उघड्या माळावर अंतर हेंच त्याचें चिलखत होतें. जुन्या शिकारीचा सगळा खटाटोप तें अंतर तोडण्याचा आहे. गोळीचा विचार त्यानंतर येतो.

३. जवळ जाण्याच्या रीति

मृगयेचें शास्त्र आपल्याकडे बंदुकीपेक्षां कितीतरी जुनें आहे. कल्याणच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लास ह्या बाराव्या शतकांतील ग्रंथांत मृगयेचें प्रकरण सविस्तर आहे. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या याद्यांत शिकारखाना व दारूखाना हीं दोन निरनिराळीं खातीं येतात, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. शिकारखाना म्हणजे जनावरें व त्यांचे रखवालदार. बंदूक व दारू ह्यांचा हिशेब दुसरीकडे. तेव्हां शिकारीच्या हत्यारांचा शोध केवळ शिकारखान्याच्या कागदांत घेणाऱ्यास बहुधा रिकाम्या हातानें परतावें लागेल.

माळावर हरणाच्या जवळ जाण्याच्या रीति मुख्यतः चार. पहिली पारध्यांची. फासेपारधी जनावरांच्या वाटेवर तातीचे फास मांडून त्यांत हरीण पकडीत. त्यांस गोळीची गरजच नव्हती. दुसरी चित्त्याची. शिकविलेला चित्ता डोळ्यांवर टोपडें घालून गाडींतून नेत, कळप जवळ येतांच टोपडें काढून त्यास सोडीत. पडलेल्या हरणाचा शेवट सुरीनें होई. कोल्हापूर दरबारीं ही शिकार विसाव्या शतकांतही चालू होती, आणि देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर आफ्रिकेंतून चित्ते आणविले जात. तिसरी रीत बैलाची अथवा गाडीची. बैल व बैलगाडी ह्यांना हरणें रोज पाहतात व बिचकत नाहींत. म्हणून शिकारी बैलाच्या आडोशानें, सरळ न जातां वळसे घेत, कळपाच्या जवळ सरके. चौथी रीत शेतकऱ्याची : पिकांत माळा बांधून किंवा पाणवठ्याशीं दबा धरून बसणें. शेवटच्या दोन रीतींतच बंदुकीचा व क्वचित् पिस्तुलाचा संबंध येतो. दोहोंतही अंतर तीस-चाळीस पावलांवर, पिस्तूल असेल तर दहा-पंधरा पावलांवर आणावें लागे. कारण गुळगुळीत नळीच्या आंखूड हत्याराचा नेम त्यापलीकडे भरंवशाचा नसतो.

४. गोळीनें काय करावयाचें

जुन्या दारूच्या हत्याराची गोळी मंद असते. सोरा, गंधक व कोळसा ह्यांच्या काळ्या दारूनें लांब बंदुकींतून सुटलेली गोळी सेकंदास हजार ते चौदाशें फूट जाई. पिस्तुलांतून सुटलेली सहाशें ते आठशें फूट. ह्या वेगाची गोळी केवळ धक्क्यानें जनावर मारीत नाहीं. जनावर मरतें तें रक्तस्रावानें, अथवा हृदय वा फुप्फुसें निकामी झाल्यानें. म्हणून चांगल्या गोळीचीं कामें तीन : कातडी, बरगडी व मांस ह्यांतून सरळ आंत जाणें, छातीच्या पोकळींतून पार होणें, आणि जातांना भरपूर रुंद भोंक पाडणें. जनावर आडवें उभें असतां पुढच्या फऱ्याच्या किंचित् मागें लागलेली गोळी हें सर्व साधते. तीच गोळी पोटांत लागली तर हरीण कोसभर पळतें, आणि कुठेंतरी बाभळीखालीं दिवसभर तडफडून मरतें. शिकाऱ्याच्या हातीं तें लागत नाहीं.

येथें छऱ्यांचा विचार येतो. पुष्कळ छरे भरले म्हणजे एखादा तरी लागेल हा समज जुना आहे. पण छरा जितका बारीक तितका तो उथळ शिरतो. आजच्या काडतुसांतील ‘एस. जी.’ हा मोठा छरासुद्धां औंसास आठ, म्हणजे वजनानें सुमारें साडेतीन मासे असतो. तो थोड्या अंतरावर हरीण मारूं शकतो. पुढें जनावर जखमी करण्यापलीकडे फारसें साधत नाहीं. पक्ष्यांसाठीं भरलेल्या बारीक छऱ्यांनीं हरणावर बार टाकणें हें केवळ जखमी करणें होय. तेव्हां गोळी निवडण्याचा प्रश्न मुळांत जनावर जखमी होऊन न निसटण्याचा प्रश्न आहे.

५. वजन आणि तोंड

गोळीची निवड दोन मापांवर ठरते : तिचें वजन आणि तिच्या तोंडाचें क्षेत्र. वजन तिला पुढें रेटतें, तोंडाचें क्षेत्र तिला अडवतें. वाटोळ्या गोळीचा व्यास दुप्पट केला तर तोंडाचें क्षेत्र चौपट व वजन आठपट होतें. म्हणजे तोंडाच्या प्रत्येक चौरस इंचामागील वजन दुप्पट झालें. ह्यावरून स्पष्ट होईल कीं, गोळी वाटोळी असेल तोंवर ती अधिक खोल जावी म्हणून करण्यासारखा मुख्य उपाय एकच : गोळी मोठी घेणें. जुन्या शिकारी बंदुकांच्या नळ्या आपणांस आज अवाढव्य वाटतात त्याचें कारण हेंच.

युरोपांत नळीचें माप पौंडास किती गोळ्या बसतात ह्यावर सांगत. आपल्याकडे गोळीचें वजन तोळ्या-माशांत सांगणें सोयीचें. दोहोंचा मेळ शुद्ध शिशाच्या वाटोळ्या गोळीसाठीं, १८० ग्रेनचा तोळा धरून, पुढीलप्रमाणें बसतो :

पौंडास १२ गोळ्या : व्यास ०.७३ इंच, वजन ३ तोळे ३ मासे.
पौंडास १६ गोळ्या : व्यास ०.६६ इंच, वजन २ तोळे ५ मासे.
पौंडास २० गोळ्या : व्यास ०.६२ इंच, वजन १ तोळा ११ मासे.
पौंडास ३२ गोळ्या : व्यास ०.५३ इंच, वजन १ तोळा अडीच मासे.
पौंडास ३९ गोळ्या : व्यास ०.४९ इंच, वजन १ तोळा.
पौंडास ५० गोळ्या : व्यास ०.४५ इंच, वजन ९ मासे.
पौंडास १०० गोळ्या : व्यास ०.३६ इंच, वजन पावणेपांच मासे.

कोष्टक जवळ नसेल तर एक आडाखा पुरे. व्यास इंचांत घ्यावा, त्याचा घन करावा आणि त्यास सव्वाआठांहून किंचित् अधिक, म्हणजे ८.३४ नें गुणावें. उत्तर तोळ्यांत येतें. अर्ध्या इंचाची गोळी म्हणजे सुमारें एक तोळा, एवढें ध्यानांत ठेविलें तरी चालेल.

येथें एक शंका येणें साहजिक आहे. १८० ग्रेनचा तोळा हा इंग्रजी अमदानींत, इ. स. १८३३ नंतर, ठरलेला. त्यापूर्वीं गांवोगांवचे तोळे थोडे कमीअधिक होते. मग जुन्या कागदांतील वजनावर विसंबावें काय ? विसंबावें, कारण व्यास हा वजनाच्या घनमूळानें बदलतो. वजनांत शेंकडा तीन चूक झाली तरी व्यासांत शेंकडा एकच चूक येते. गोळीचें वजन लिहून ठेवणारा कारकून ह्या रीतीनें नळीचें माप नकळत सांगून गेलेला असतो.

उदाहरणादाखल अशी कल्पना करूं कीं, एखाद्या यादींत शिशाच्या शंभर गोळ्या, एकंदर वजन सव्वाशें तोळे, असा आंकडा आला. दर गोळीस सव्वा तोळा. सव्वास ८.३४ नें भागून घनमूळ काढलें म्हणजे व्यास ०.५३ इंच निघतो. पण गोळी नळीपेक्षां थोडी लहान ठेवावी लागते. कारण चार-दोन बारांनंतर काळ्या दारूची काजळी नळींत साचते व घट्ट गोळी गजानें उतरत नाहीं. शिकारी मनुष्य ही फट चिंधीनें अथवा पातळ चामड्यानें भरून काढी. शिपाई ती तशीच ठेवी, कारण त्यास लवकर भरण्याची निकड. तेव्हां नळी ०.५५ इंचाच्या जवळपास असावी. ही गोळी कंपनीच्या कडाबिनीची नव्हे, तिच्याहून हलकी आहे. खिशांतल्या लहान तमंच्याचीही नव्हे. देशी तोड्याची बंदूक अथवा मोठें पिस्तूल ह्यांपैकीं कांहींतरी तेथें होतें, एवढें अनुमान कागदाबाहेर न जातां निघतें; आणि तीस पावलांवरच्या काळविटास ही गोळी पुरेशी होती, हेंही.

६. पिस्तूल व शिरूरची छावणी

पिस्तूल व काडतूस हे दोन्ही शब्द आपणांकडे पोर्तुगिजांपासून आले. राजव्यवहारकोशांत शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे, तरी व्यवहारांत परकी शब्दच टिकले. कागदांत ‘पिस्तूल’ येवो कीं ‘तमंचा’, त्यावरून मात्र नळीचें माप समजत नाहीं. तें गोळीवरूनच काढावें लागतें.

शिरूरच्या बाबतींत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून येथें कंपनीच्या फौजेची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टाँटन ह्याची पलटण येथूनच निघाली व दुसऱ्या दिवशीं, १ जानेवारी १८१८ रोजीं, भीमेकांठीं कोरेगांवची लढाई झाली. त्याच सुमारास उभारलेल्या पुणें घोडदळाचें ठाणें पुढें बरींच वर्षें शिरूरास होतें. म्हणजे ह्या टापूंत लष्करी शिसें विपुल पडलेलें आहे. कंपनीच्या पायदळाच्या बंदुकीची नळी पाऊण इंचाची व गोळी पौंडास सुमारें १४, म्हणजे पावणेतीन तोळ्यांची. घोडेस्वाराच्या कडाबिनीची व त्याच मापाच्या पिस्तुलाची नळी ०.६५ इंचाची व गोळी पौंडास २०, म्हणजे दोन तोळ्यांस किंचित् कमी. नांगराच्या तासांत ह्या दोन वजनांची गोळी सांपडली तर ती प्रथम शिपायाची समजावी, शिकाऱ्याची नव्हे. त्या दोहोंपैकीं कोणत्याच मापांत न बसणारी, विशेषतः तोळा-सव्वातोळ्याची हातओतीव गोळी सांपडली, तर शिकारीचा अथवा गांवराखणीचा विचार करण्यास जागा राहते.

स्वाराचें पिस्तूल हरणासाठीं कितपत उपयोगी होतें ? दोन तोळ्यांची गोळी वजनास भरपूर. परंतु आंखूड नळींत दारू पुरती जळत नाहीं, वेग पडतो, आणि घोड्यावरून नेम साधणें कठीण. त्यामुळें उभ्या काळविटावर पिस्तूल टाकणें हा धाडसापेक्षां अविचाराचाच प्रकार ठरे. जखमी जनावरामागें घोडा घालून, तें थकून उभें राहिल्यावर हातभर अंतरावरून त्याचे हाल संपविणें हें पिस्तुलाचें खरें काम. अशा वेळीं गोळी जड कीं हलकी हा प्रश्न जवळजवळ उरत नाहीं.

पुढें फिरत्या कोठ्यांचें पिस्तूल आलें तेव्हां हा प्रश्न पुन्हां उभा राहिला. इ. स. १८५१ च्या सुमारास दोन नमुने प्रसिद्ध होते : अमेरिकन कोल्टचा ‘नेव्ही’, ज्याची वाटोळी गोळी सुमारें पांच माशांची, आणि इंग्रज अ‍ॅडम्सचा मोठा नमुना, पौंडास ३८ गोळ्यांचा, म्हणजे बरोबर आपल्या एक तोळ्याचा. कोल्टचा नेम सुरेख. अ‍ॅडम्सचा घाव जबर. हिंदुस्थानांतील पुष्कळ लष्करी अंमलदारांचा कल जड गोळीकडे होता, आणि हरणाच्या दृष्टीनें विचार केला तरी हाच कौल बरोबर ठरतो : जवळच्या अंतरावर वेगाची उणीव वजनानें भरून काढतां येते, वजनाची उणीव मात्र त्या काळच्या वेगानें भरून निघत नसे.

७. धातु व आकार

शुद्ध शिसें मऊ. हाडावर आदळतांच तें चपटें होतें, तोंड रुंदावतें व गोळी लवकर थांबते. नाजूक जनावरास हें कांहीं अंशीं इष्टच. भोंक मोठें पडतें. रानडुकरासारख्या जाड जनावरास मात्र तें घातक, म्हणून अशा वेळीं शिशांत कथील मिसळून गोळी कठीण करीत. एकाच साच्याच्या दोन गोळ्या वजनांत किंचित् निराळ्या भरल्या तर साचा सदोष होता असें लगेच म्हणूं नये. कथील शिशापेक्षां हलकें असल्यानें मिश्र गोळीचें वजन थोडें कमी भरतें. हा फरक गोळी कोणत्या जनावरासाठीं ओतली ह्याचा पुरावा होऊं शकतो.

वाटोळ्या गोळीचें शास्त्र पूर्णत्वास नेण्याचें काम मध्यप्रांतांत चाकरीस असलेल्या जेम्स फॉर्साईथ ह्या अंमलदारानें केलें. इ. स. १८६३ च्या त्याच्या पुस्तकांत त्यानें असें प्रतिपादिलें कीं, शिकारीच्या अंतरावर मोठी वाटोळी गोळी, भरपूर दारू व नळींतील आट्यांचा अगदीं मंद पीळ ह्यांचा मेळ उत्तम. परंतु तोंवर काळ पालटला होता. इ. स. १८४९ च्या मिनिएच्या गोळीनंतर लांबट गोळी सर्वत्र पसरली. लांबट गोळींत वाटोळ्या गोळीचें बंधन सुटतें : तोंड न वाढवितां वजन वाढवितां येतें.

ह्याचें उत्तम उदाहरण आजच्या पिस्तुलांत दिसतें. अमेरिकेंतील अनेक राज्यांत पिस्तुलानें हरणाची शिकार कायदेशीर आहे व तेथें गोळीच्या निवडीचा खल अजून चालतो. इ. स. १९३५ सालीं निघालेल्या .३५७ मॅग्नम पिस्तुलाची जड गोळी १८० ग्रेनची, म्हणजे नेमका आपला एक तोळा. वजन तेंच, पण आपल्या वाटोळ्या तोळ्याचा व्यास ०.४९ इंच, हिचा ०.३५७. तोंडाचें क्षेत्र जवळजवळ निम्में, म्हणून चौरस इंचामागील वजन जवळजवळ दुप्पट. शिवाय वेग दीडपट. इ. स. १९५५ च्या .४४ मॅग्नमची नेहमींची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे एक तोळा चार मासे. ह्याच पिस्तुलांसाठीं हलक्या, पोकळ टोंकाच्या गोळ्याही मिळतात. त्या माणसापासून स्वसंरक्षणासाठीं बनविलेल्या. अंगांत शिरतांच फुलतात व उथळच थांबतात. जाणते शिकारी हरणासाठीं त्या टाळतात, आणि हळू फुलणारी जड गोळी किंवा सपाट नाकाची कठीण शिशाची गोळी घेतात. कारणें तींच, जीं तोड्याच्या बंदुकीच्या धन्यास अनुभवानें ठाऊक होतीं : आंत पोंचली पाहिजे, पार गेली पाहिजे, आणि आपण जवळ असलें पाहिजे.

८. अंतर संपलें

लांबट गोळी, मागून भरण्याची रायफल व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची धूर न करणारी दारू ह्यांनीं पल्ला दोनशें यार्डांपलीकडे नेला. बैलाच्या आडून वळसे घेण्याची गरज उरली नाहीं. आगगाडी दौंडावरून गेली, आणि इ. स. १८७८ पासून दौंड-मनमाड फांट्यानें तें जंक्शन झालें; पुण्याचा शिकारी कांहीं तासांत माळावर येऊं लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाडी व तिचा रात्रींचा प्रखर दिवा ह्यांनीं उरलेंसुरलें अंतरही पुसून टाकलें. त्याच काळांत पाटाचें पाणी व ऊंस ह्यांनीं माळ आकसला. एकट्या गोळीस दोष देणें बरोबर होणार नाहीं. पण गोळीच्या निवडीत ‘जवळ जाणें’ हा भाग जोंवर शिकाऱ्याच्या अंगावर होता तोंवर कळप टिकले, आणि तो भाग यंत्रानें उचलल्यावर ते झपाट्यानें विरळ झाले.

ज्या चित्त्यानें हें काम शतकानुशतकें केलें तो तर देशांतून नाहींसा झाला. इ. स. १९५२ सालीं तो भारतांतून नामशेष झाल्याचें जाहीर झालें. २०२२ पासून मध्य प्रदेशांत कुनो येथें आफ्रिकेंतील चित्ते आणून सोडले आहेत. काळवीट भीमेच्या खोऱ्यांत उरला आहे तो मुख्यतः राखीव तुकड्यांत : अहिल्यानगर जिल्ह्यांतील (पूर्वीचा अहमदनगर) कर्जत तालुक्यांत रेहेकुरी अभयारण्य इ. स. १९८० चें, क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरांच्या आंत. चिंकाऱ्यांसाठीं बारामती तालुक्यांत सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य इ. स. १९९७ चें, क्षेत्र सुमारें पांच चौरस किलोमीटर. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हे दोन्ही प्राणी पहिल्या अनुसूचींत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाखालीं आहेत.

९. संग्राहकांस सूचना

कायद्याचीं तीन बंधनें संग्राहकानें जाणलीं पाहिजेत. काळविटाचीं शिंगें अथवा कातडें बाळगण्यास वन्यजीव कायद्याखालीं मालकीचा दाखला लागतो. पूर्वीं राहून गेलेल्यांस नोंद करण्याची संधि इ. स. २००३ च्या नियमांनीं दिली होती. १९५९ च्या शस्त्रकायद्यांत जुन्या धर्तीच्या वा पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या हत्यारांस सवलत आहे, पण तीं दुरुस्त करूनही चालूं शकणार नाहींत अशीं असलीं तरच. म्हणून जुनें पिस्तूल ‘चालू’ करून पाहण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. त्यांत जुना बार भरलेला राहिलेला असूं शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनींही पेटते. शंभर वर्षांवरील वस्तु व पंचाहत्तर वर्षांवरील महत्त्वाचीं हस्तलिखितें १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें खाजगी रीत्या परदेशीं धाडतां येत नाहींत.

गोळ्यांविषयीं पुढील काळजी घ्यावी. गोळीवरील पांढुरका थर खरवडूं नये. तो शिशाचाच बदललेला भाग आहे व तो गेल्यास वजन व व्यास दोन्ही खोटे पडतात. शिसें विषारी असल्यानें हात धुवावे. वजन माशाच्या अंशापर्यंत घ्यावें, व्यास तीन दिशांनीं मोजावा, साच्याची शिवण व ओतल्याचा देंठ ह्यांची खूण लिहावी. गोळी चपटी असेल तर व्यास वजनावरून काढावा. सांपडल्याचें शेत, गट क्रमांक व खोली नोंदवावी. लढाईच्या जागेजवळ हें विशेष अगत्याचें. साचा व पिस्तूल एकत्र मिळालीं असतील तर त्यांची ताटातूट करूं नये, आणि ज्या दप्तरांत गोळ्या, शिसें, सोरा किंवा गंधक ह्यांचे आंकडे येतील तेथें कारकुनी तपशील समजून ते गाळूं नयेत.

हातीं अशी सामग्री असलेल्यांनीं वजनांसह आपल्या नोंदी छापून काढल्या, तर शिरूर-दौंडच्या माळावर शिपायाचें शिसें कोणतें व शिकाऱ्याचें कोणतें, ह्याचा निवाडा आज केवळ अनुमानानें करावा लागतो तो पुराव्यानें करतां येईल. ह्या दिशेनें संग्राहक-मंडळींनीं लक्ष घालावें, अशी विनंति करून हा लेख पुरा करतों.